'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या शेवटापासून पुढे कुठे जायचं?

प्रश्न असा आहे: "वय एकतीस, नाशिकला असतो. पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, डीप पर्पल, ईगल्स, बीटल्स हे कॉलेजपासून ऐकतोय. आता ॲप तीच पन्नास गाणी फिरवून फिरवून देतं. 'दुर्लक्षित क्लासिक रॉक' अशा चार याद्या शोधल्या, प्रत्येकीत शंभरेक नावं. तीस-चाळीस बँडचं एकेक गाणं ऐकलं, पण मनात एकही राहिलं नाही. हे बँड विसरण्याच्याच लायकीचे होते, की माझं ऐकण्यात काही चुकतंय? आणि एलपी (मोठ्या रेकॉर्डी) घ्यायला सुरुवात करू का?"

नमस्कार. तुमच्याकडे नावांचा तुटवडा नाही, चारशे नावं आधीच आहेत. अडचण निवडीची आहे, आणि त्याहून जास्त ऐकण्याच्या मापाची. एकेका बँडला तुम्ही चार मिनिटं दिलीत. आता गंमत अशी की चार मिनिटांत पकड घेणारं गाणं ज्यांच्याकडे होतं, ते बहुतेक बँड रेडिओवर वाजले, गाजले आणि तुमच्या त्या पन्नास गाण्यांत जाऊन बसले. मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांचं बळ चाळीस मिनिटांत पसरलेलं असतं. त्यांचं एक गाणं काढून ऐकणं म्हणजे कादंबरीचं सतरावं पान वाचून पुस्तक मिटणं. तेव्हा तुमचे कान ठीक आहेत.

मी पुण्यात सव्वीस वर्षं गिटार शिकवते. महिन्यातून एकदा घरी ऐकण्याची बैठक असते: सतरंजी, चहा, दहा-बारा माणसं आणि एक रेकॉर्ड. पुढे जे लिहितेय ते त्या बैठकीतून शिकलेलं आहे. सुरुवातीची दोन वर्षं मीही प्रत्येक बैठकीत बारा बँडची बारा गाणी निवडून लावायचे. मंडळी खूश होऊन जायची आणि पुढच्या महिन्यात कुणालाही एक नाव आठवत नसे. मग एकच रेकॉर्ड लावायला लागले. पहिली बाजू, चहा, दुसरी बाजू, आणि वेळ उरला तर पहिली बाजू पुन्हा. तेव्हापासून लोक रस्त्यात भेटले तरी त्या रेकॉर्डबद्दल बोलतात. फरक फक्त मुक्कामाचा होता.

आधी एक कबूल करते. काय आवडेल हे पुष्कळ तुमच्यावर अवलंबून आहे. इंग्रजी शब्द ऐकताच कळतात की कागद समोर लागतो, वीस मिनिटांच्या रचनेला बसायचा धीर आहे का, कानात इअरफोन आहेत की खोलीत स्पीकर, यावर माझं उत्तर बदलेल. आणि विसरला गेलेला प्रत्येक बँड थोर होता असंही नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत एका चांगल्या रिफच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारीच्या तुकड्याच्या, जोरावर अल्बम काढणारे ढीगभर बँड होते, आणि त्यातले बरेचसे विसरले गेले ते रास्तच झालं. म्हणून कुठलंही नाव समोर आलं की मी पहिल्यांदा विचारते, हे मागे का राहिलं? कारण कळलं की ते कसं ऐकायचं हेही अर्धं कळतं.

कारणांमध्ये एक आपल्याकडचंही आहे. आपण ज्याला 'क्लासिक' म्हणतो ती यादी बरीचशी इथे काय छापलं गेलं त्यावर ठरली. बीटल्स आणि पिंक फ्लॉइड ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापले गेले, म्हणून ते पुण्या-मुंबईच्या दुकानांत साध्या किमतीत मिळाले, त्यांच्या कॅसेटवरून कॅसेटी निघाल्या आणि कॉलेजच्या गॅदरिंगला तीच गाणी वाजली. बाकीचं संगीत आलं ते बोटीवरच्या मामाच्या नाहीतर आखातातल्या काकाच्या बॅगेतून. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये आधी ऐकून मग घ्यायची सोय होती म्हणून काही जणांचे कान रुंदावले. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. त्यामुळे आपल्याला 'दुर्लक्षित' वाटणारा अल्बम त्याच्या गावी दुर्लक्षित असेलच असं नाही.

त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे विशबोन ॲश या इंग्लिश बँडचा 'आर्गस', १९७२ सालचा. इंग्लंडमध्ये हा अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांतल्या नऊ जणांनी नावही ऐकलेलं नसतं. तुमच्यासाठी मी सुरुवात इथूनच करेन, कारण तुम्ही ईगल्स लिहिलंय. 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवट आठवा. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आळीपाळीने वाजवतात, मग दोघांच्या गिटारी एकत्र येऊन पायऱ्या उतरल्यासारख्या खाली येतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात तो शेवट वाजवू बघणारी दोन पोरं असतातच. तो अल्बम १९७६ च्या डिसेंबरचा. त्याच्या चार वर्षं आधी विशबोन ॲशच्या अँडी पॉवेल आणि टेड टर्नर या दोघांनी त्या जोडगिटारीवर अख्खा अल्बम उभा केला होता.

जोडगिटार म्हणजे काय ते सरगमात सांगते, कारण विद्यार्थ्यांना ते तसंच चटकन कळतं. वरची गिटार 'ग म प' घेते तेव्हा खालची 'सा रे ग' घेते. एकाच चालीच्या दोन सावल्या, मध्ये ठराविक अंतर. आपला कान एका वेळी एकच सुरावट धरायला तयार झालेला असतो. गायक गातो, पेटी त्याच्याच मागे जाते. त्यामुळे आपण आपोआप वरची गिटार ऐकतो, आणि खालची नुसती 'भरीव आवाज' म्हणून जाणवते. 'आर्गस' पहिल्यांदा लावाल तेव्हा मुद्दाम उलट करा. हेडफोन लावा आणि खालच्या गिटारीचा हात धरा. 'द किंग विल कम' आणि 'वॉरियर' या दोन गाण्यांत हे केलंत की तो अल्बम तुमचा झाला. मग 'थ्रो डाउन द स्वोर्ड' हे शेवटचं गाणं येतं. तिथे दोन्ही गिटारी समांतर चालणं सोडून देतात आणि एकमेकींत गुंफत जातात, एक बोलत असताना दुसरी बोलते, तरी कुणी कुणाचं तोडत नाही. मी ते गेली चाळीस वर्षं ऐकतेय आणि अजून शेवटच्या दोन मिनिटांत हातातलं काम बाजूला ठेवते.

पहिलं गाणं 'टाइम वॉज' तीनेक मिनिटं संथ गिटार आणि गळ्यावर चालतं. यादीतून चाचपणी करणारा माणूस तिथेच पुढचं बटण दाबतो, आणि त्यानंतर जे सुसाट सुटतं ते त्याला कधी कळतच नाही. तुमच्या तीस-चाळीस बँडपैकी काहींचं असंच झालं असणार.

तुम्हाला आणखी एका कारणाने हा अल्बम परका वाटणार नाही. आवाजाची बाजू सांभाळणारा इंजिनिअर मार्टिन बर्च, ज्याने त्याच सुमारास डीप पर्पलचा 'मशीन हेड' ध्वनिमुद्रित केला आणि पुढे आयर्न मेडनचे अल्बम केले. मुखपृष्ठ हिप्नोसिसचं, म्हणजे पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठं करणाऱ्या चमूचं. माझ्या मामाने १९८१ मध्ये बोटीवरून आणलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. शिरस्त्राण घातलेला, भाला घेतलेला एक पहारेकरी पाठमोरा उभा आहे, समोर धुक्यात दरी. लहानपणी मला वाटायचं तो कुणाची तरी वाट बघतोय. मग एकदा कव्हर पूर्ण उघडून मागची बाजू पाहिली, तर आकाशात एक छोटी उडती तबकडी. फोनच्या पडद्यावर त्या चित्राची एक बाजू दिसते आणि ती तबकडी हरवते. अशा गोष्टींसाठी मला मोठं कव्हर प्रिय आहे.

पिंक फ्लॉइड तुम्हाला नेमकं कशासाठी आवडतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर बदलतं. शब्दांसाठी आणि विचारासाठी आवडत असेल तर माझ्याकडे सोपा रस्ता नाही. पण डेव्हिड गिल्मोरचा एकेक सूर ताणत, रेंगाळत जाणारा एकल भाग हे तुमचं कारण असेल, तर कॅमल या बँडकडे जा. अँड्र्यू लॅटिमर तार ओढतो ती मींडेसारखी, सुरावर पोचण्याची घाई नाही. १९७५ चा 'द स्नो गूज' हा त्यांचा अल्बम पूर्ण वाद्यांचा आहे, गाण्याचे शब्द नाहीतच, म्हणून इंग्रजीची अडचण असलेल्यांना मी हमखास तो देते. पॉल गॅलिको यांच्या एका छोट्या कथेवरून तो सुचला. एसेक्सच्या दलदलीत एकटा राहणारा ऱ्हायाडर नावाचा चित्रकार, जखमी हंसी घेऊन त्याच्याकडे येणारी फ्रिथा नावाची मुलगी, आणि १९४० मध्ये डंकर्कहून सैनिक सोडवून आणताना त्या चित्रकाराचा मृत्यू. कथा माहीत असली की 'ऱ्हायाडर' या तुकड्यातली बासरी कोण आहे ते कळतं, आणि पुढे ओळखीच्या सुरावटी दुसऱ्या वाद्यांवर परत येतात तेव्हा पोटात काहीतरी हलतं. अल्बम जिथून सुरू होतो त्या दलदलीतच येऊन संपतो. १९७५ च्याच ऑक्टोबरमध्ये कॅमलने तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह वाजवला होता. मागे राहायचं कारण साधं आहे: रेडिओवर लावायला एक सुटं गाणं यातून काढायचं कसं?

तो आवडला तर पुढची पायरी कॅरव्हानचा १९७१ चा 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'. त्याची दुसरी बाजू म्हणजे बावीस मिनिटांची एकच रचना. डेव्ह सिंक्लेअरचा ऑर्गन आवाज बदलणाऱ्या इफेक्टमधून असा काढलाय की अनेकांना तो बराच वेळ गिटारच वाटतो. नवशिक्याला मी तो आधी देत नाही.

डीप पर्पलच्या वाटेने जायचं तर एक मजेदार वळण आहे. इयान गिलनच्या आधी डीप पर्पलचा गायक रॉड एव्हन्स होता, १९६८ चं 'हश' त्याच्या आवाजातलं. १९६९ मध्ये त्याला बाजूला केलं. तो अमेरिकेत गेला, आणि आयर्न बटरफ्लाय या बँडचे दोघं व बॉबी कॉल्डवेल हा अफाट ढोलकऱ्या यांच्याबरोबर त्याने कॅप्टन बियाँड हा बँड काढला. १९७२ चा त्यांचा पहिला अल्बम एका दमात ऐकायचा आहे, गाणी एकमेकांत मिसळत जातात. ताल सतत कूस बदलतो, सम कुठे पडणार हे शोधण्यात मजा आहे. त्यांची रेकॉर्ड कंपनी कॅप्रिकॉर्न, जिचं नाव ऑलमन ब्रदर्स हा बँड आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॉकशी जोडलेलं. तिथे असलं अवकाशी, गुंतागुंतीचं संगीत विकायचं कुणाला? माल चांगला, दुकान चुकीचं.

मेटॅलिका ऐकत असाल तर वेल्समधल्या कार्डिफच्या बजी या तिघांच्या बँडला एक संध्याकाळ द्या. मेटॅलिकाने वाजवलेलं 'ब्रेडफॅन' मुळात त्यांचं, १९७३ च्या 'नेव्हर टर्न युअर बॅक ऑन अ फ्रेंड'मधलं. बर्क शेलीचा आवाज चिरका आहे, तो सगळ्यांना झेपत नाही. रिफ मात्र दणदणीत.

आणि लेड झेपेलिनमधलं ब्लूज तुम्हाला धरत असेल तर दुसरं काही शोधू नका, रोरी गॅलाघरचा 'आयरिश टूर ७४' लावा. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमध्ये झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण आहे. तेव्हा उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्बस्फोट चालू होते, बाहेरचे बँड बेलफास्टला यायला तयार नसत. हा माणूस जात राहिला. ते ऐकताना प्रेक्षकांकडेही कान द्या, गाणं सुरू होण्याआधीची ती आरोळी. त्याची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार इतकी वापरलेली होती की रंग उडून आतलं लाकूड दिसायचं. विद्यार्थी नवी गिटार घ्यायचा हट्ट धरतात तेव्हा मी तो फोटो दाखवते. 'अ मिलियन माइल्स अवे' हे गाणं त्यात कुठे हळू होतं आणि कुठे पुन्हा वर येतं ते बघा. गाजलेल्या सुट्या गाण्यांच्या मागे तो कधी लागलाच नाही, आयुष्यभर दौरे करत राहिला, आणि १९९५ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

आता बीटल्स. हा धागा मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून थोडं लांबेन.

द झोम्बीज हा लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सच्या शाळकरी मित्रांचा बँड. १९६४ मध्ये 'शीज नॉट देअर' गाजलं, पण काही काळाने काहीच चालेना. १९६७ मध्ये जेमतेम पैशांत त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून एक अल्बम केला, बराचसा ॲबी रोड स्टुडिओत, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पूर्ण झाल्यावर लगेचच. 'ओडिसी अँड ऑरॅकल' हे त्याचं नाव. मुखपृष्ठ काढणाऱ्या मित्राने 'ओडिसी'चं स्पेलिंग चुकवलं आणि ते तसंच राहिलं. कंपनीने मोनोबरोबर (सगळा आवाज एकत्र) स्टीरिओ प्रतही (डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज) मागितली, तिचा खर्च रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून केला. १९६७ च्या डिसेंबरात बँड मोडला. अल्बम बाजारात आला १९६८ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे विकायला बँडच उरला नव्हता. आणि १९६९ मध्ये त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं! मागणी इतकी की अमेरिकेत भलत्याच पोरांचे तोतया झोम्बीज कार्यक्रम करत फिरले. खऱ्यांपैकी आर्जंट तोवर नव्या बँडच्या तयारीला लागला होता.

त्यातलं पहिलं गाणं 'केअर ऑफ सेल ४४' ऐका. चाल इतकी उजळ की उन्हाळ्याच्या सुट्टीचं गाणं वाटावं. शब्दांकडे लक्ष गेलं की कळतं, हे तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेलं पत्र आहे. कॉलिन ब्लनस्टोन ते ज्या हलक्या श्वासाने गातो तो आवाज मी दुसऱ्या कुणाकडे ऐकलेला नाही.

आणि बिग स्टार. अमेरिकेतल्या मेम्फिसचे चौघं: ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. चिल्टन सोळाव्या वर्षी बॉक्स टॉप्स या बँडच्या 'द लेटर'चा गायक होता, ते गाणं १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. बँडचं नाव त्यांनी स्टुडिओजवळच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून घेतलं. १९७२ च्या पहिल्या अल्बमचं नाव मोठ्या आशेने 'नंबर वन रेकॉर्ड' ठेवलं. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. वितरण स्टॅक्सकडे होतं. स्टॅक्स ही सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्याच्या परंपरेतल्या, संगीतातली नामांकित कंपनी, पण गोऱ्या पोरांचा गिटार बँड दुकानांत पोचवायची तिची घडी नव्हती, आणि थोड्याच काळात तिचं वितरण कोलंबिया या बड्या कंपनीकडे गेल्यावर उरलंसुरलंही अडकलं. लोक परीक्षण वाचून दुकानात जायचे आणि तिथे रेकॉर्डच नसायची. बेल खचला आणि बँड सोडून गेला. १९७४ मध्ये उरलेल्या तिघांनी 'रेडिओ सिटी' केला, त्याचंही तेच झालं. तिसरा अल्बम तर १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९७८ पर्यंत पडून राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात ख्रिस बेल मोटार अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा होता.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगतेय कारण तुम्ही विचारलंत, हे बँड विसरण्याच्याच लायकीचे होते का. बिग स्टारच्या बाबतीत ऐकणाऱ्यांनी कौल दिलाच नाही, त्यांच्या हातात माल पोचलाच नव्हता. ज्यांच्या हातात पोचला त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे स्वतः बँड काढले. आर.ई.एम.ने त्यांचं ऋण मानलं, बँगल्सने 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं, रिप्लेसमेंट्सने तर चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं.

इथे मात्र माझा 'चाळीस मिनिटांचा' नियम लागू होत नाही. यांची गाणी तीन-तीन मिनिटांचीच आहेत आणि सुटीही ऐकता येतात. 'थर्टीन' लावा. अकूस्टिक गिटारी आणि गळा, अडीच मिनिटं. शाळेतला मुलगा मुलीला विचारतोय, तुला घरापर्यंत सोडायला येऊ का. मी हे गाणं विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी शिकवते. बोटं कठीण नाहीत. कठीण आहे ते मध्ये सोडलेली जागा न भरणं. प्रत्येक जण तिथे काहीतरी वाजवतोच. एका मुलीला तीन आठवडे लागले नुसतं थांबायला शिकायला, आणि ज्या दिवशी ती थांबली त्या दिवशी खोलीतले बाकीचे सहा जण वाजवायचे थांबून तिच्याकडे बघत बसले.

अति जाहिरातीनेही बँड बुडतो, त्याचं एक उदाहरण जाता जाता देते. १९६७ मध्ये कोलंबियाने सॅन फ्रान्सिस्कोच्या मोबी ग्रेपच्या पहिल्या अल्बममधल्या गाण्यांच्या पाच सिंगल (सुट्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी) एकाच दिवशी बाजारात आणल्या. रेडिओवाल्यांनी कुठली लावायची? एकही नीट चालली नाही. अल्बम मात्र आजही ताजा आहे.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: ईगल्समधली जोडगिटार आवडत असेल तर 'आर्गस', फ्लॉइडची रेंगाळणारी गिटार असेल तर 'द स्नो गूज', पर्पलचा जोर असेल तर कॅप्टन बियाँड, झेपेलिनमधलं ब्लूज असेल तर रोरी, बीटल्सच्या चाली असतील तर झोम्बीज आणि बिग स्टार. यातला एकच निवडा आणि पंधरा दिवस दुसरं नाव उघडू नका.

ॲपवर ऐकताना दोन-तीन गोष्टी सांभाळा, यांनीच पुष्कळदा रसभंग होतो. शफल बंद ठेवा. एक गाणं विरत असताना दुसरं वर येतं ती 'क्रॉसफेड' सोय बंद करा, नाहीतर कॅप्टन बियाँड आणि 'द स्नो गूज' यांचे जोड उसवतात. आणि जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी चिकटवलेली असतात, कधी त्याच गाण्याची कच्ची रूपं. मूळ अल्बम जिथे संपत होता तिथे थांबा. 'आर्गस' सात गाण्यांचा, 'ओडिसी अँड ऑरॅकल' बाराचा. बिग स्टारचे पहिले दोन अल्बम पुष्कळदा एकत्र मिळतात. 'नंबर वन रेकॉर्ड' बारा गाण्यांवर संपतो, तिथे उठून पाणी प्या, 'रेडिओ सिटी' दुसऱ्या दिवशी. झोम्बीजची मोनो आवृत्ती मिळाली तर ती घ्या. 'धिस विल बी अवर इयर'मधली पितळी वाद्यं मोनो मिक्स करतानाच थेट त्यात वाजवली होती, त्यामुळे तेव्हा त्या गाण्याचं खरं स्टीरिओ करताच आलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकताना दुसरं काही न करता ऐका. दुसऱ्यांदा भांडी घासताना, चालताना, कसंही चालेल. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्या वेळेलाही काही हललं नाही तर बिनदिक्कत सोडून द्या. माझ्या बैठकीतले दोन जण कॅरव्हानला आजही कंटाळतात, आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

राहता राहिला एलपीचा प्रश्न. आत्ता घेऊ नका. स्वस्तातले बॅगेसारखे दिसणारे प्लेअर मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत सुईचा भार जास्त असतो आणि ती खोबण झिजवते. चांगला प्लेअर, त्याचा ॲम्प्लिफायर, स्पीकर यांचा खर्च रेकॉर्डींच्या कितीतरी पट होतो. यातला एखादा अल्बम वर्षभर तुमच्याबरोबर राहिला तर त्याच्यापासून सुरुवात करा. जुनी प्रत घेताना उजेडात तिरकी धरा. केसासारख्या बारीक रेघा बहुतेकदा वाजत नाहीत, नखाला लागणारी चर मात्र प्रत्येक फेऱ्याला टक् करते. कडा टेबलावर ठेवून वाकलेली आहे का पाहा. माझी 'आर्गस' बोटीच्या उन्हाने किंचित वाकलीय, पहिल्या गाण्यात सुई हेलकावे खाते, पण सूर हलत नाही, म्हणून मी ती बदललेली नाही.

यातलं आधी काय लावलंत, आणि कुठल्या गाण्यात कितव्या मिनिटाला हात थांबला, ते लिहा. पुढचं नाव मला त्यावरूनच सांगता येईल.